तुम्ही म्हणजे कोण? एकोणिसाव्या शतकातला मराठी लेखक आणि त्याचा वाचक

मागच्या दोन व्याख्यानांत आपण छापखान्याकडे पाहिलं. शिळाछाप, खिळे, कागद, टपाल हे सगळं झालं. आज त्या छापील कागदाच्या दुसऱ्या टोकाला जायचं आहे. तो कागद कुणाच्या हातात पडेल असं लिहिणाऱ्याला वाटत होतं? तो 'तुम्ही' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोण बसलेलं असतं? आणि समोर कोण आहे यावरून त्याच्या हातून पत्र, निबंध, संवाद किंवा कादंबरी यांतलं काय उतरतं? आजचा विषय एवढाच.

मराठीने यासाठी एक सोय आयतीच दिलेली आहे. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही जेवलो' म्हटलं तर समोरचा उपाशी, आणि 'आपण जेवलो' म्हटलं तर तोही पंगतीला होता. इंग्रजीला हा भेद करता येत नाही. (आम्ही इथे स्वतःला 'आम्ही' म्हणतो, ती व्याख्यात्यांची जुनी खोड समजा.) एकोणिसाव्या शतकातलं गद्य वाचताना हा भेद सारखा जाणवत राहतो, कारण पंगतीला कोण बसणार हाच त्या काळाचा मोठा वाद होता.

छापखाना येण्याआधी मराठी लेखकाला हा प्रश्न फारसा पडत नव्हता. पोथीला श्रोते असत. श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' किंवा 'हरिविजय' श्रावणात देवळात, वाड्याच्या ओटीवर वाचला जायचा. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. ग्रंथकार मध्येच श्रोत्यांना हाक मारतो, अध्याय संपला की निरोप देतो. ही माणसं त्याला ठाऊक होती. छापील कागद मात्र टपालाने जातो. रत्नागिरीत कुणी उघडला, खानदेशात कुणी उघडला, लिहिणाऱ्याला पत्ता नसतो. श्रोता होता त्या जागी वाचक आला, आणि हा वाचक दिसत नव्हता.

१८३२ च्या ६ जानेवारीला 'दर्पण' निघालं तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी या अडचणीवर सरळ तोडगा काढला. एकाच पानावर दोन स्तंभ, एक इंग्रजी, एक मराठी. साहेबाला इथल्या लोकांचं म्हणणं कळावं आणि इथल्या लोकांना बाहेरचं ज्ञान मिळावं, असा दुहेरी हेतू. वाचक दोन आहेत हे त्यांनी पानावर रेघ मारूनच कबूल केलं. आठ वर्षांनी ते पत्र बंद पडलं. वाचक दोनच आहेत हा अंदाज मात्र फारच तोकडा होता.

आता आपण पत्राकडे येऊ, म्हणजे वर्तमानपत्रात छापलेल्या पत्राकडे. भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' मुंबईत १८४१ साली सुरू झालं. त्यात १८४८ ते १८५० या काळात 'लोकहितवादी' या सहीने शंभरावर पत्रं आली. ती 'शतपत्रे' म्हणून आपल्याला माहीत आहेत. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख पंचविशीतले, सरकारी नोकरीत. या मजकुराला पत्र का म्हणायचं? आज आपण त्यांतल्या कुठल्याही पत्राला लेख म्हणू. पण पत्राला दोन सवलती असतात. एक, प्रस्तावना लागत नाही, पहिल्या वाक्यापासून भांडता येतं. दुसरी, ते घरच्या माणसाला लिहिलेलं असतं. लोकहितवादींनी ब्राह्मणांवर जे कोरडे ओढले तसे त्या काळात मिशनऱ्यांनीही ओढले होते. पण मिशनऱ्याचं बोलणं बाहेरून यायचं. हा माणूस 'आपले लोक' म्हणून बोलतो, घरातल्या थोरल्या भावाने धाकट्याला खडसवावं तसा. शब्द कडक आणि नातं जवळचं, म्हणून ती पत्रं इतकी झोंबली. आम्हाला वाटतं, शतपत्रांचं खरं बळ त्यांच्या मतांइतकंच या नात्यात आहे.

पण ही 'आपले लोक' ची पंगत केवढी होती? वाचणारे बहुतेक पांढरपेशे, शिकलेले, त्यांतले बरेचसे ब्राह्मण. बाकीच्यांबद्दल त्यांत कळकळीने लिहिलं आहे, पण त्यांच्याशी बोललेलं नाही.

याला पाच वर्षं होत नाहीत तोच १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये 'ज्ञानोदय'च्या दोन अंकांतून एक निबंध आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. या निबंधात 'तुम्ही' दोनदा बदलतं, ते जरा बारकाईने पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला ती देवाशी बोलते: वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्हाला धर्मच नाही असं झालं, मग आमचा धर्म कोणता ते तरी सांग. नंतर ती वरच्या जातींच्या वाचकापुढे पुरावा मांडते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, हे स्वतःच्या अनुभवाने ओळखा, असं ती सांगते. आणि शेवटी ती वळते ती थेट आपल्या माणसांकडे. शिका, अज्ञान हा रोग आहे, त्यावर औषध करा. आता विचार करा, 'ज्ञानोदय' विकत घेऊन वाचणारे मांग-महार १८५५ साली किती असतील? ज्यांना ती हाक मारते त्यांच्यापर्यंत तो कागद पोचणं जवळजवळ अशक्य होतं, हे शाळेत जाणाऱ्या त्या मुलीला कळत नसेल असं नाही. तरी ती हाक मारते. आपल्याकडे मराठी निबंधाची गोष्ट १८७४ पासून सांगायची पद्धत आहे. ती एकोणीस वर्षं मागे न्यायला हरकत नाही.

१८७४ म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. दर महिन्याला एक अंक, सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक, आणि जवळजवळ सगळा मजकूर एका माणसाचा. लिहिणारा सरकारी शाळेत मास्तर. पुढे त्यांनी नोकरी सोडली, १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' यांच्या स्थापनेत भाग घेतला, आणि वयाची बत्तिशी पूर्ण व्हायच्या आत ते गेले. त्यांचा वाचक कोण? तर इंग्रजी शाळेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण. मेकॉले वाचलेला, जॉन्सन वाचलेला, आणि आपल्या भाषेची मनातून थोडी लाज वाटणारा. त्या तरुणाला चिपळूणकर सांगतात, कशाला लाजतोस? बघ, या भाषेत लांबलचक, तोलदार, उपरोधाने भरलेलं वाक्य लिहिता येतं. आणि ते नुसतं सांगत नाहीत, लिहून दाखवतात. माला भाषेबद्दल आहे आणि भाषेतच ती आपला दावा सिद्ध करते. वाचकाला जिंकण्याची ही फार देखणी रीत होती.

पण 'निबंधमाले'तलं 'आम्ही' पाहा. ते एका गटाचं 'आम्ही' आहे. लोकहितवादींची तिथे खिल्ली उडवली जाते, जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची परीक्षणं येतात आणि त्यांत व्याकरणाच्या चुका मोजल्या जातात. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याने आमच्याशी बोलू नये, असा त्याचा अर्थ होतो. चिपळूणकरांची गद्यशैली आम्हाला मनापासून आवडते, ते आम्ही लपवत नाही. पण हे दार त्यांनी लावलं, हेही त्याच शैलीचं काम आहे.

आता जोतीराव. यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबायचं आहे, कारण वाचकाचा प्रश्न त्यांच्याइतका अवघड कुणापुढेच नव्हता. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांना वाचता येत नाही. मग लिहायचं कसं?

त्यांनी एकामागून एक प्रकार वापरून पाहिले. १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. ते त्या वेळी छापलं गेलं नाही. १८६९ साली शिवाजी महाराजांवरचा पोवाडा. पोवाडा निवडणं यात मोठं शहाणपण आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला पोवाडा ऐकता येतो, आणि डफाची थाप पडली की गावात कुणाला बोलवायला जावं लागत नाही. १८७३ साली 'गुलामगिरी', आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. 'गुलामगिरी' हा संवाद आहे. धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात. धोंडिबा मधेच शंका काढतो, मागचं पुन्हा विचारतो. पुस्तक डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याला हे कधी कधी लांबण वाटतं. पण हे एक जण वाचतोय आणि दहा जण ऐकतायत असं डोळ्यांसमोर आणा. मग धोंडिबाची प्रत्येक शंका ही ऐकणाऱ्यांतल्या कुणाची तरी शंका होते. ज्याला वर्गात हात वर करायची सवय नाही, त्याच्या वतीने धोंडिबा हात वर करतो.

त्याच पुस्तकाला इंग्रजी प्रस्तावना आहे, आणि अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. म्हणजे एका जिल्दीत तीन वाचक बसवलेत. प्रस्तावना साहेबासाठी, अर्पणपत्रिका दूरदेशीच्या भावंडांसाठी आणि आतला संवाद गावच्या माणसासाठी. 'दर्पण'ने पानावर मारलेली रेघ आठवा. जोतीरावांनी तीच अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवली आणि सगळ्यात मोठी जागा मराठी ऐकणाऱ्याला दिली.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मधला. हे पुस्तक लिहीत असतानाच जोतीराव गावोगाव त्यातले भाग वाचून दाखवत होते. पुणे, मुंबई, ठाणे ही शहरं त्यांत आहेत, तशी जुन्नर, ओतूर, हडपसर ही गावंही आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही ते ऐकून घेतलं. म्हणजे आधी वाचन आणि मग पुस्तक. ऐकणाऱ्यांसमोर घासूनपुसून तयार झालेला मजकूर आहे हा, आणि ते जाणवतं. त्यात कर, कालवे, जंगलखातं, कर्ज यांचा हिशेब आहे. एका प्रकरणात मात्र हिशेब बाजूला पडतो. कलेक्टरकडून हात हलवत परत निघालेला एक शेतकरी वाटेने स्वतःशी पुटपुटत घरी येतो. मग लेखक त्याच्या घरात शिरतो आणि एकेक वस्तू दाखवत जातो: अंगण, गोठा, चूल, कोपरे. मराठी कादंबरी त्या काळात राजपुत्रांच्या आणि अद्भुताच्या मागे लागली होती. कुणब्याच्या घरात काय काय असतं याची इतकी बारीक नोंद त्या वेळच्या कादंबरीत आम्हाला आढळलेली नाही. ती एका वादग्रस्त पुस्तिकेत आढळते. का? तर ऐकणारा शेतकरी आहे. खोटं वर्णन केलंत तर तो तिथल्या तिथे म्हणणार, अहो, असं नसतं. आणि खरं केलंत तर तो पुढच्या कराच्या हिशेबावरही विश्वास ठेवणार.

'दीनबंधु' हे सत्यशोधक चळवळीचं पत्र. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ साली काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईहून चालवलं. 'असूड'चे पहिले दोन भाग त्यात छापून आले, आणि पुढचे छापायचे राहिले. मजकूर फार तिखट आहे, सरकारचा रोष होईल, अशी धास्ती होती. जोतीरावांना याचा राग आला. आपल्या मित्राच्या पत्रातही आपल्याला जागा नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं. पूर्ण 'असूड' पुस्तकरूपाने त्यांच्या हयातीत आलाच नाही. छापखान्याने नाकारलेलं पुस्तक तोवर कानांनी मात्र अनेक गावांत पोचलं होतं.

इथेच १८८५ ची गोष्ट सांगायला हवी. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली. पहिली १८७८ साली भरली होती. आजची साहित्य संमेलनं आपली वंशावळ तिथपर्यंत नेतात. जोतीरावांना बोलावणं गेलं, आणि त्यांनी नकार कळवला. ते पत्र 'ज्ञानोदय'ने छापलं. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: सगळ्यांना माणूस म्हणून हक्क द्यायला जे तयार नाहीत, त्यांच्या पुस्तकांचा आणि आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही, आमची दुःखं आम्हालाच लिहावी लागतील. या पत्राकडे बरेचदा फटकळपणाचा नमुना म्हणून पाहिलं जातं. आम्ही ते वाचकाबद्दलचं पत्र म्हणून वाचतो. सभेत बसलेले ग्रंथकार 'मराठी पुस्तकांचा खप कसा वाढेल' याची चिंता करत होते. वाचक थोडे आहेत ही दोघांचीही तक्रार. पण ते थोडे का आहेत, कुणी थोडे ठेवले, हा प्रश्न या एका पत्राने विचारला.

जोतीरावांच्याच वर्तुळात वाढलेली एक बाई होती, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील सत्यशोधक समाजाचे. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली, ती नंतर कमी झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर प्रवचनं सुरू झाली. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. सुरुवात नम्र आहे: मी घरात कोंडलेली, माझा हा पहिलाच प्रयत्न. आणि मग ती नम्रता सुटते आणि 'तुम्ही' सुरू होतं. तुम्ही म्हणजे पुरुष. जे अवगुण बायकांना चिकटवलेत, ते एकेक उचलून ती पुरुषांपुढे ठेवते आणि विचारते, हे तुमच्यात नाहीत? भाषा घरातली, म्हणींची, चुलीपाशी दोघी बोलतील तशी. पण बोलणं पुरुषांशी आहे. यातला धक्का तिथेच आहे. बायकांसाठी पुस्तकं निघत होती, बायकांना उपदेश करणारी. बाईने पुरुषांना वाचक धरून त्यांना जाब विचारावा, याची कुणाला सवय नव्हती. टीका झाली. १८८५ साली 'सत्सार'मध्ये जोतीराव त्यांच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंनी मात्र पुन्हा पुस्तक लिहिलं नाही. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं. मध्ये ९३ वर्षं गेली. आज ते पुस्तक विद्यापीठांत शिकवलं जातं, त्याची भाषांतरं झाली आहेत.

कादंबरीचं मात्र थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुढे वेगळं व्याख्यान आहे. दोन यमुना लक्षात ठेवा. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त, १८५७ साली, यमुना आपल्या नवऱ्याबरोबर हिंडते आणि वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकते. ती श्रोता आहे, आपण तिच्या शेजारी बसून ऐकतो. हरी नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः दिली. तिथली यमू स्वतः बोलते, लहानपणापासून वैधव्यापर्यंत, सगळं 'मी' म्हणून. पहिलीला मिशनरी हेतू होता, त्यामुळे वाचक सावध राहायचा. दुसरी घरात येणाऱ्या साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. पुढच्या आठवड्यात यमूचं काय होणार म्हणून थांबलेला वाचक तिच्या बाजूचा होऊन गेलेला असतो, वाद घालायला त्याच्याकडे उसंत नसते. शिवाय ते नाव पाहा. 'पण'ने सुरू होतं, जणू बोलणं आधीपासून चाललं होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. हे सगळं एका पुरुषाने लिहिलं, ही मर्यादा आहेच. ताराबाई आठ वर्षं आधी स्वतःच्या नावाने बोलून गप्प झाल्या होत्या, हेही त्याच्या शेजारी ठेवायला हवं.

शेवटचा प्रकार अग्रलेख. 'केसरी'तला अग्रलेख गावच्या पारावर एकाने वाचायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा, म्हणजे पोथीचीच चाल. टिळकांनी ती ओळखून लिहिलं: म्हण, संस्कृत वचन, मग रोकडा मुद्दा. पण अग्रलेखाला एक वाचक असा असतो जो कधी वर्गणी भरत नाही, तो म्हणजे सरकार. १९०८ साली 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्युरीत नऊ जण, सात युरोपियन आणि दोन पारशी. 'केसरी' ज्यांच्यासाठी लिहिला जायचा त्यांतला त्यांत कुणी नव्हता. त्यांच्यापुढे होतं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतः बचाव केला आणि भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. या मराठी शब्दाला हाच इंग्रजी शब्द का, दुसरा का नाही? आमची भाषा नव्या राजकीय कल्पनांसाठी शब्द घडवते आहे, तिचा शब्द तुमच्या कोशात जसाच्या तसा सापडणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मराठी वाचकाने हा लेख वाचून काय समजून घेतलं असेल, ते ज्यांनी मराठी कधी वाचलं नाही त्यांनी ठरवायचं होतं. २२ जुलैला रात्री सात विरुद्ध दोन असा कौल आला, सहा वर्षं काळं पाणी. नंतर त्यांना मंडालेला नेण्यात आलं.

वेळ संपत आला. पुढच्या व्याख्यानात आपण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेणार आहोत. ज्यांच्याकडे प्रत आहे त्यांनी पहिली काही प्रकरणं वाचून यावीत, आणि जमलं तर घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावीत. प्रश्न असतील तर आता घेऊ.